बियाण्यावर हक्क कोणाचा ?

ग्रंथावर ग्रंथकाराचा आणि यंत्रावर संशोधकाचा हक्क असतो, ही गोष्ट सुशिक्षितांस परिचित आहे. परंतु ग्रंथ आपण होऊन नव्या ग्रंथास जन्म देत नाहीं. बीं मात्र पेरलें कीं एकाचें अनेक होतें. मग विकत घेतलेल्या बियाण्याच्या पुढच्या पिढीवर हक्क कोणाचा ? १९९८ सालीं अकोल्यांतून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यांत सोयाबीन व कपाशी हीं दोन पिकें या प्रश्नाचीं दोन निराळीं उत्तरें देतात.

भारतीय पेटंट कायद्याचें तिसरें कलम वनस्पती, बियाणें व वाण यांस पेटंट नाकारतें. त्याऐवजीं २००१ च्या कायद्यानें नवा वाण निर्माण करणाराचा हक्क मान्य केला. पण त्याच्याच ३९ व्या कलमानें शेतकऱ्याचाही हक्क राखला. नोंदलेल्या वाणाचें बियाणेंसुद्धां तो राखून ठेवूं शकतो, पेरूं शकतो, शेजाऱ्यास देऊं किंवा विकूं शकतो. वाणाचें नांव छापलेल्या पिशवींत घालून विकण्याची तेवढी त्यास मनाई आहे.

सोयाबीनचें फूल स्वपरागित असतें; म्हणून वाणाचे गुण पुढच्या पिढींत बहुधा टिकतात. दाण्याची साल नाजूक असते खरी; पण पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून त्यांतले सत्तर उगवले, म्हणजे घरचें बीं पेरण्यास हरकत नसते. येथें कायद्याचा हक्क प्रत्यक्षांत उपयोगी पडतो.

कपाशीची गोष्ट वेगळी. एका जिवाणूचें, बोंडअळीस मारक असें जनुक घातलेल्या बी.टी. कपाशीस भारतांत २००२ सालीं परवानगी मिळाली. बियाण्यास पेटंट नाहीं. पण त्यांतील जनुकास मिळूं शकतें काय? मोन्सँटो व नुझिवीडू या कंपन्यांच्या वादांत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें २०१८ सालीं पेटंट रद्द ठरविलें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल बाजूस सारून, पुरावा घेऊन निर्णय करावा, असें सांगितलें. २०२१ सालीं उभय पक्षांत तडजोड झाली व त्या खटल्यांत मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

शेतकऱ्याची अडचण मात्र न्यायालयाबाहेरची आहे. बाजारांतील बहुतेक बी.टी. कपाशी संकरित असते. तिचें बीं राखलें तर पुढील पीक एकसारखें येत नाहीं. म्हणून दरवर्षीं नवी पिशवी घ्यावी लागते. कायद्यानें दिलेला हक्क येथें निसर्गनियमानेंच निष्फळ होतो. तेव्हां शेतकऱ्याचें स्वातंत्र्य कलमांइतकेंच कोणतें बियाणें त्याच्या हातीं पडतें, यावर अवलंबून आहे. कपाशीचे उत्तम सरळ वाण सार्वजनिक संशोधनांतून त्यास मिळाले, तरच ३९ वें कलम कपाशीच्या शेतांतही सार्थ ठरेल.