डब्यातील आइस्क्रीम : आधी तराजू, मग जीभ

आमच्या धाकट्या भावाचे मालेगावात जनरल स्टोअर्स आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने दुकानात डीप फ्रीजर बसविला आणि आइस्क्रीमचे डबे ठेवू लागला. धंदा बरा चालला होता. एके दिवशी मोहल्ल्यातील एक निवृत्त मास्टर साहेब न उघडलेला डबा घेऊन परत आले. चष्मा सावरून त्यांनी डब्यावरची एक बारीक ओळ वाचून दाखविली आणि विचारले, "मियाँ, तुमच्या बिलावर आइस्क्रीम लिहिले आहे आणि डब्यावर फ्रोझन डेझर्ट. खरे कोण बोलतो, तुम्ही की डबा?"

भावापाशी उत्तर नव्हते. त्याने पैसे परत केले आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला. म्हणाला, "भाईजान, मी लपविले काहीच नाही. मलाच ठाऊक नव्हते."

कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले. टेरिकॉटचा तागा सुती म्हणून विकणारे आम्ही पाहिले आहेत. टेरिकॉट वाईट असते असे नाही, ते टिकते, त्याला इस्त्री कमी लागते. पण ते सुती नाही, आणि गिऱ्हाइकाला ते सांगितले पाहिजे. फ्रोझन डेझर्टचा मसला नेमका हाच आहे. म्हणून आम्ही ठरविले की जसे कापड पारखतो तसे हे डबेही पारखून पाहावेत. तीन रविवारी मिळून आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे बारा डबे विकत आणले, तोलले, वाचले आणि घरच्यांना बसवून चाखले. कंपन्यांची नावे येथे देत नाही, कारण आज डब्यावर जे छापले आहे ते उद्या बदलते. पारख करण्याची रीत मात्र बदलत नाही.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या देशात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार नुसते 'आइस्क्रीम' म्हणविणाऱ्या मालात दुधाची स्निग्धता किमान १० टक्के हवी, प्रथिने साडेतीन टक्के हवीत, एकूण घन पदार्थ ३६ टक्के हवेत. स्निग्धता अडीच टक्क्यांहून जास्त पण दहाहून कमी असेल तर ते 'मीडियम फॅट आइस्क्रीम', आणि अडीच किंवा त्याहून कमी असेल तर 'लो फॅट'. फ्रोझन डेझर्टमध्येही स्निग्धता तितकीच, म्हणजे दहा टक्के असते, पण तेथे दुधाच्या लोण्याऐवजी सगळे किंवा काही वनस्पती तेल वापरण्याची मुभा आहे. कोणती स्निग्धता किती, हे डब्यावर छापावे लागते. बाकी दुधाची पावडर, साखर, सुवास, सारे एकसारखेच. म्हणूनच नजरेला फरक कळत नाही.

हा वाद मोठ्या कंपन्यांतही झाला आहे. २०१७ साली अमूलच्या जाहिरातींत फ्रोझन डेझर्टचा संबंध वनस्पती तुपाशी जोडला गेला, तेव्हा त्या काळी क्वालिटी वॉल्स बनविणारी हिंदुस्तान युनिलिव्हर ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जून २०१७ मध्ये न्यायालयाने त्या जाहिराती थांबविल्या. वनस्पती तेल आणि वनस्पती तूप या दोन वेगळ्या जिनसा आहेत, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. आपल्या दुकानातील माल विकण्यासाठी दुसऱ्या मालाला जहर म्हणण्याची गरज नाही. जे आहे ते नाव सांगावे, एवढेच.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि येथे आमचा तराजू कामाला आला. आइस्क्रीम गोठविताना घुसळतात आणि घुसळताना त्यात हवा भरते. या धंद्यात तिला ओव्हररन म्हणतात. हवा ही लबाडी नव्हे. हवा नसेल तर चमचा शिरणार नाही, डब्यात बर्फाची वीट तयार होईल. पण किती हवा, हा सवाल आहे. गोठविण्यापूर्वीच्या एक लिटर मिश्रणाचे वजन साधारण १,०५० ते १,१०० ग्रॅम भरते. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम हवे, मीडियम फॅटचे ४७५. म्हणजे कायद्याच्या कडेवर चालणाऱ्या डब्यात निम्मी जागा हवेची असते. कापडात खळ जास्त चढविली की वजन वाढते आणि पहिल्या धुण्यात कापडाची चाळणी होते. येथे उलटे आहे, वजन न वाढता माल फुगलेला दिसतो.

डब्यावर मिलिलिटर मोठ्या अक्षरात असतात. ग्रॅम छापलेले असले तर ते शोधून वाचा. नसले तर भरलेला डबा तोला आणि संपल्यावर रिकामा डबा झाकणासह तोलून वजा करा. आमच्या डब्यांत ७०० मिलिलिटरचा एक ३७० ग्रॅम भरला, दुसरा ४३० ग्रॅम. किंमत जवळजवळ सारखी, माल साठ ग्रॅम जास्त. गॅलाटो नावाने विकला जाणारा ५०० मिलिलिटरचा डबा ४०५ ग्रॅम भरला. भावाला तो फार महाग वाटत होता. हिशोब करून पाहू. ७०० मिलिलिटरचा, ३७० ग्रॅमचा डबा २०० रुपयांना धरला तर किलोला ५४० रुपये पडतात. गॅलाटोचा डबा ३२५ रुपयांना धरला तर किलोला ८०० रुपये. महाग आहेच, पण मिलिलिटरच्या हिशोबाने दुप्पटीहून जास्त वाटतो तितका नाही.

गॅलाटो हा इटलीचा माल. त्या भाषेत शब्दाचा अर्थ केवळ गोठविलेले. त्यात मलई कमी आणि दूध जास्त असते, स्निग्धता साधारण चार ते आठ टक्के, आणि संथ घुसळल्याने हवा कमी शिरते. तो आइस्क्रीमहून थोडा कमी थंड वाढतात, म्हणून जिभेला चव लवकर लागते. पण डब्यावर गॅलाटो लिहिले म्हणून तेवढ्यावर जाऊ नये. आम्ही आणलेल्या दोन डब्यांपैकी एकाच्या मागे बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट असेच होते. हवा नसलेला माल आपल्याकडे जुनाच आहे. कुल्फी घुसळत नाहीत, दूध आटवून साच्यात बंद करून गोठवितात. तिचे नाव अरबी 'कुफ्ल' या शब्दावरून आले, अर्थ कुलूप. मराठीतले कुलूपही त्याच शब्दावरून आले आहे.

तिसरी गोष्ट डब्यामागची यादी. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, ही बारीक इंग्रजी वाचायला मुलीची मदत घ्यावी लागली. तिने आकडे वाचले, ४१२, ४०१, ४०७, आणि अर्थ काढला तेव्हा आम्हाला हसू आले. ४१२ म्हणजे गवार गम, ४०१ म्हणजे सोडियम अल्जिनेट. कापड छपाईत रंग पसरू नये म्हणून हेच डिंक घालतात! आइस्क्रीममध्ये ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बर्फाचे कण मोठे होत नाहीत. प्रमाणात असतील तर काही बिघडत नाही. जास्त झाले की आइस्क्रीम चिकट होते आणि चमच्याला रबरासारखे ओढले जाते.

आपल्या वाचकांना येथे एक गोष्ट पाहावी लागते. जिलेटिन, आकडा ४२८, हे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. हिरव्या ठिपक्याच्या डब्यात ते नसते. ४७१ हा आकडा मात्र वनस्पतीपासूनही येतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. तेथेही हिरवा ठिपका असला तर तो वनस्पतीचा समजावा. परदेशातून आलेल्या डब्यांत, मार्शमॅलोचे तुकडे असलेल्या प्रकारांत आणि रम किंवा तिरामिसू नावाच्या स्वादांत यादी दोनदा वाचावी. हिरवा ठिपका मद्याबद्दल काही सांगत नाही. पुढचा निर्णय उलमांना विचारून करावा, आम्ही फक्त छापलेले काय ते सांगतो.

आता जिभेकडे येऊ. अमेरिकेत ड्रायर्स या कंपनीत जॉन हॅरिसन नावाचे चाखणारे होते, त्यांच्या जिभेचा दहा लाख डॉलरचा विमा होता. ते सोन्याचा मुलामा दिलेल्या चमच्याने चाखत, कारण लाकूड आपली चव मिसळते. घास तोंडात फिरवून थुंकून टाकत, आणि सुरुवात वॅनिलापासून करून भारी स्वादांकडे जात. आमच्याकडे सोन्याचा चमचा नव्हता, स्टीलचे होते. थुंकायला मुले तयार नव्हती. बाकी रीत तीच ठेवली. डबा फ्रीजरमधून काढून दहा-पंधरा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला, कारण फार थंड घासाने जीभ बधिर होते. वाट्यांखाली नंबर चिकटविले, कोणती वाटी कोणाची हे फक्त मुलीला माहीत. मध्ये कोमट पाणी. त्या दिवशी पान-सुपारी बंद आणि अत्तरही बंद. एक भाचा अत्तर लावून आला, त्याला पोताचे गुण द्यायला बसविले, चवीचे नाही.

गुण पंधरा ठेवले. अमेरिकेतील दुग्धशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत चवीला १० आणि अंग-पोताला ५ देतात, तेच घेतले. पोत हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. घास जीभ आणि टाळू यांत दाबावा. कण लागले आणि विरघळले तर ते बर्फाचे, माल मध्ये वितळून पुन्हा गोठला आहे. वाळूसारखे लागले आणि विरघळायला वेळ घेतला तर ती दुधातल्या साखरेची खडी. घास गिळल्यावर टाळूवर मेणासारखा पापुद्रा राहिला तर स्निग्धता दुधाची नसण्याचा संभव आहे. पण या शेवटच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. आमच्या घरी चॉकलेटमध्ये पहिला नंबर एका फ्रोझन डेझर्टला मिळाला! कोकोखाली सगळे झाकले जाते. नंबर उलटून पाहिले तेव्हा भाऊ म्हणाला, "मग मास्टर साहेबांनी परत का केले?" आम्ही म्हणालो, "चवीसाठी नाही, नावासाठी केले."

वॅनिलात मात्र काही झाकत नाही, म्हणून एखाद्या कंपनीचा माल पारखायचा तर साधा वॅनिला आणावा. स्वस्त डब्यांत वॅनिलाचा सुवास कृत्रिम असतो आणि तसे छापलेलेही असते. खऱ्या शेंगेच्या दाण्यांचे काळे ठिपके एकाच डब्यात दिसले. आमच्या वॅनिलाच्या चार डब्यांत सर्वांत जड डब्याला १३ गुण मिळाले, सर्वांत हलक्याला ८. हलका तोंडात फेसासारखा विरला आणि मागे फक्त साखर राहिली.

पिस्त्याने आमची निराशा केली. पिस्ता वाटला तर त्याचा रंग फिका, थोडा शेवाळी येतो. पोपटी हिरवा दिसला की यादीत १०२ आणि १३३ हे रंग शोधावेत. दोन डब्यांत पिस्त्याचे तुकडे नखाएवढे आणि वास कडू बदामाचा. फळांत सीताफळ चांगले निघाले, गराच्या रेषा जिभेला लागत होत्या. आंब्याबद्दल काय सांगावे, ज्याच्या घरी हापूस येतो त्याला डब्यातला आंबा शिजल्यासारखाच लागणार. बटरस्कॉच मुलांना आवडले, आम्हाला दाताखाली काजूपेक्षा साखर जास्त लागली.

शेवटी प्रत्येकाचा एक चमचा बशीत ठेवून वीस मिनिटे वितळू दिला. चांगला माल दाट दुधासारखा पसरतो. एक तर फेसाच्या डोंगरासारखा उभाच राहिला. दुसऱ्यातून पाणी वेगळे सुटले.

दुकानदार बंधूंसाठी आणखी एक. पुष्कळदा दोष कारखान्याचा नसतो, आपल्या फ्रीजरचा असतो. माल उणे १८ अंशांवर राहिला पाहिजे. वीज गेली, झाकण उघडे राहिले, खुणेच्या रेषेवर डबे रचले, की वरचा थर नरम होतो आणि पुन्हा गोठताना कण मोठे होतात. डबा घेताना झाकण दाबून पाहावे. आत माल कडेपासून सुटलेला असेल, एका बाजूला उतार असेल किंवा झाकणाखाली बर्फाची फुले असतील तर तो डबा मागे ठेवावा. भावाने आता थर्मामीटर लावला आहे, आणि वीज गेली की फ्रीजरवर गोधडी टाकून झाकण बंद ठेवतो.

कराबद्दल विचारणारे वाचक आहेत. आइस्क्रीमवर १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. जुन्या छापील किमतीचा डबा हाती आला तर हे लक्षात असावे.

भावाने बिलाच्या मशीनमध्ये नावे वेगळी केली, आइस्क्रीम वेगळे, फ्रोझन डेझर्ट वेगळे. फ्रीजरवर एक कागद चिकटविला, त्यावर प्रत्येक डब्याचे ग्रॅम आणि शंभर ग्रॅमचा भाव. पहिल्या आठवड्यात फ्रोझन डेझर्टचा खप थोडा उतरला, मग पुन्हा पहिल्यासारखा झाला, कारण ते स्वस्त आहे आणि चॉकलेट मुलांना आवडते. मास्टर साहेब परवा आले, कागद पूर्ण वाचला, एका आकड्यातली चूक दाखविली आणि ४३० ग्रॅमवाला वॅनिला घेऊन गेले.