बर्कलेचे ‘शे पानीस’

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे २८ ऑगस्ट १९७१ रोजी अ‍ॅलिस वॉटर्स यांनी उघडलेल्या ‘शे पानीस’ या भोजनगृहात पहिल्या रात्री पिठाच्या आवरणात भाजलेले ‘पाते’ (वाटलेल्या मांसाचा फ्रेंच पदार्थ), ऑलिव्हसह शिजवलेले बदक आणि आलुबुखारचा टार्ट असा बेत ३.९५ डॉलरांत वाढला गेला. आणि तळमजल्यावर रोज एकच ठरीव बेत, गिऱ्हाइकाच्या फर्माइशीस वाव नाही, हा दस्तूर तेथे रूढ झाला. शेतांतून व बागांतून काय उत्तम पिकून आले, त्यावरच हा बेत मुक्रर होत असल्यामुळे, ऐन हंगामात, आता बरेच महाग झालेल्या या भोजनाच्या अंती, न चिरलेले, न शिजवलेले एखादे पीचही मिष्टान्न म्हणून समोर येते. (खरी ऐट हीच!) पदार्थ निवडण्याची मुभा हवी असणाऱ्यांसाठी १९८० साली माडीवर निराळा कॅफे निघाला.