परसबागेतील फुलपाखरे: पाहुणे आणि वाटेकरी

कढीलिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर काळ्या-पिवळ्या नक्षीचे एखादे फुलपाखरू क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर टपटप आघात करते, उडून शेजारच्या पानावर पुन्हा तोच उपक्रम आरंभते आणि अखेर उदराचे टोक वाकवून खसखशीच्या दाण्याएवढे एक फिकट पिवळे अंडे पानाला चिकटवून निघून जाते. पाहणाऱ्याला ते मधाच्या शोधात आलेले वाटते. वस्तुतः ती मादी पान चाखून पाहत असते, कारण वनस्पतीच्या रसाची पारख करणारी तिची संवेदनेंद्रिये पुढच्या पायांत असतात. लिनिअसने 1758 मध्ये ज्याचे ‘पापिलिओ डेमोलिअस’ असे नामकरण केले, ते हे लिंबावरचे फुलपाखरू. लिंबू, मोसंबी, बेल आणि कढीलिंब ही एकाच कुळातील झाडे असल्यामुळे त्या सर्वांवर त्याचा सारखाच हक्क चालतो.

अंड्यातून निघालेली अळी प्रारंभी काळपट तपकिरी असून तिच्यावर पांढुरके पट्टे असतात, आणि ती पानाच्या मध्यभागी उघड्यावर निश्चल बसली असली तरी पक्ष्याची विष्ठा समजून तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. शेवटची कात टाकल्यावर मात्र ती पानासारखी हिरवीगार होते. या अवस्थेत तिला काडीने हळूच स्पर्श करून पाहावे: मस्तकामागून एक दुभंगलेला, नारिंगी छटेचा, ओलसर अवयव झटकन बाहेर येतो, उग्र दर्प सुटतो आणि धोका टळला असे वाटताच तो अवयव पुन्हा आत ओढला जातो. अशी एक अळी दोन-तीन दिवसांत कोवळी फांदी निष्पर्ण करू शकते. परंतु वाढलेल्या झाडाला पुन्हा पालवी फुटते, आणि त्या झाडाच्या जमाखर्चात एवढी तूट सोसण्यासारखी असते, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपवाटिकेतील वीतभर रोपाची गोष्ट निराळी. तिथे एकच अळी वर्षभराची मेहनत फस्त करते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्य-फुलपाखराचा मान ज्याला दिला, ते निळे-काळे भव्य ‘ब्लू मॉर्मन’ही याच कुळातील पानांवर पोसले जाते, हे लिंबाच्या झाडाचा हिशेब मांडताना विसरू नये.

भाजीपाल्याच्या नासाडीची फिर्याद मात्र बहुतेक वेळा चुकीच्या इसमावर दाखल होते. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणारी अळी, टोमॅटोत शिरणारी घाटे अळी, भेंडीतील ठिपक्यांची बोंडअळी, कोबीची पाने चाळणीसारखी करणारी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, या सर्व पतंगांच्या अळ्या होत. त्यांचे प्रौढ किडे रंगाने मळकट आणि बहुधा निशाचर असल्यामुळे नजरेस पडत नाहीत, आणि दिवसा उजेडी झेंडूवर बसलेल्या निरपराध फुलपाखराकडे बोट दाखवले जाते.

तरीही खरे वाटेकरी नाहीत असे नाही. तूर, वाटाणा, चवळी यांच्या कळ्यांवर एक लहानसे निळसर फुलपाखरू अंडी घालते आणि त्याची अळी शेंगेत शिरून दाणे खाते; तिच्या पाठीवरील ग्रंथीतून गोड रस पाझरत असल्याने मुंग्या तिच्याभोवती पहारा करतात. हळदीच्या पानाची कड दुमडून आत राहणारी अळीही फुलपाखराचीच.

परंतु सर्वांत विलक्षण चरित्र आहे ते डाळिंबावरच्या फुलपाखराचे, ज्याच्या अळीला आपल्याकडे ‘सुरसा’ म्हणतात. मादी फुलाच्या संदलपुंजाजवळ किंवा कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते. अळी साल भेदून आत जाते, दाणे खात वाढते, आणि तिच्या शरीराचा शेवटचा भाग ढालीसारखा चपटा असल्यामुळे प्रवेशाचे छिद्र ती त्यानेच बंद करून बसते. पोखरलेले फळ कुजून गळणार, हे जणू ठाऊक असल्याप्रमाणे ती बाहेर येऊन फळाचा देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधून टाकते! एवढ्याशा जिवाची ही तजवीज पाहून मन थक्क होते, आणि त्याच वेळी बागाईतदाराचे फळ हातचे गेलेले असते. अळ्यांचे असे जीवनक्रम तपासण्याचे मोठे काम मुंबई इलाख्यात कारवारच्या परिसरात झाले. जकात व मीठ खात्यातील एटकेन, जंगल खात्यातील बेल आणि मुलकी अंमलदार डेव्हिडसन या तिघांनी नोकरीचा व्याप सांभाळून उत्तर कानडा जिल्ह्यातील अळ्या घरी वाढवल्या आणि 1896 च्या सुमारास मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. कोणती अळी कोणत्या झाडावर, हे आज आपण सहज सांगतो त्यामागे ही चिकाटी आहे.

फुलपाखरांच्या परागीभवनाविषयी बरीच अतिशयोक्ती होते. भोपळा, काकडी, कारले यांची फळधारणा मुख्यत्वे मधमाश्यांवर अवलंबून असते. संध्याकाळी उमलणाऱ्या दुधीच्या आणि पडवळाच्या पांढऱ्या फुलांकडे तर लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. फुलपाखराचे स्वागत करायचे ते उत्पन्नाच्या आशेने नव्हे, त्याच्यासाठीच करावे.

बंदोबस्ताच्या बाबतीत पान खाणारी आणि फळ पोखरणारी अळी यांना एकच कलम लावू नये. कढीलिंबावरच्या अळ्या हातांनी उचलून जुन्या झाडावर सोडाव्यात. डाळिंबाची फळे लहान असतानाच कापडी वा कागदी पिशव्यांत बांधावीत, आणि पोखरलेली फळे झाडावर किंवा आळ्यात न ठेवता नष्ट करावीत. सरसकट विषारी फवारणीने नुकसान होते ते अळीच्या शत्रूंचे. ट्रायकोग्रामा नावाची सूक्ष्म गांधीलमाशी पतंग-फुलपाखरांच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. दुसरी एक जात लिंबावरच्या अळीने कात टाकून कोष केला, की त्याची साल मऊ आहे तोवर त्याला गाठते, आणि काही दिवसांनी त्या कोषाच्या बारीक छिद्रातून फुलपाखराऐवजी तिची पिल्ले झुंडीने बाहेर पडतात. लिंबाच्या फांदीवर असा काळवंडलेला कोष दिसला, तर तो तोडून जाळू नये, आणि त्या आठवड्यात त्या झाडावर औषधही मारू नये.