पतसंस्था आणि प्राप्तिकर

सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला घालणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाजारपेठेच्या गावांत पतसंस्थाही रुजल्या. त्यांना प्राप्तिकर लागू आहे. मात्र १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०पीनुसार सभासदांना कर्जपुरवठा करून मिळवलेल्या नफ्याची पूर्ण वजावट मिळत आली आहे.

२००६च्या वित्त कायद्याने ही सवलत सहकारी बँकांकडून काढून घेतली. प्राथमिक कृषी पतसंस्था आणि प्राथमिक सहकारी कृषी व ग्रामीण विकास बँका तेवढ्या वाचल्या. पतसंस्थाही बँकाच आहेत, असे म्हणत प्राप्तिकर खात्याने अनेकांची वजावट नाकारली. त्यावर १२ जानेवारी २०२१ रोजी मविलायी या केरळमधील सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेली संस्था सहकारी बँक ठरत नाही. राज्याच्या कायद्याला मान्य असलेले नाममात्र सभासदही सभासदच. बिगरसभासदांच्या कर्जावरील नफा तेवढा वजावटीबाहेर. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्यात नाममात्र सभासदत्वाची तरतूद असल्याने इथल्या संस्थांना हा निकाल मोठा आधार आहे.

शिलकी रकमेवरील व्याजाचे गणित अवघड आहे. राष्ट्रीयीकृत बँकेतील ठेवींच्या व्याजावर वजावट सहसा टिकत नाही. अन्य सहकारी संस्थेतील गुंतवणुकीवरचे व्याज व लाभांश वजावटीस पात्र असतात. पण जिल्हा सहकारी बँकेतील ठेवींवरून वारंवार वाद झाले आहेत.

विवरणपत्र मुदतीत भरले नाही, तर ही वजावट मिळत नाही. त्यामुळे लेखापरीक्षण वेळेत पूर्ण करून घेणे ही संचालकांची पहिली जबाबदारी ठरते.