बारावीपूर्वीचे श्रेयांक : पालकांनी काय समजून घ्यावे?

‘शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळते, पदवीचे एक वर्ष वाचते,’ असे बोलणे अलीकडे भोकर तालुक्यातील पालकांच्याही कानी पडू लागले आहे. मोलमजुरी करून मुलाला शिकायला नांदेडला ठेवणाऱ्या कुटुंबासाठी एक वर्ष म्हणजे बारा महिन्यांचे खोलीभाडे व खानावळीचा खर्च. म्हणूनच यात खरे किती, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतील. तेथे १९५० च्या दशकापासून हायस्कूलचे विद्यार्थी ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या परीक्षा देतात. गुण १ ते ५. अनेक महाविद्यालये ३ किंवा त्याहून अधिक गुणांना श्रेयांक देतात. तेवढे विषय पुन्हा शिकावे लागत नाहीत व शुल्कही वाचते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या परीक्षा देतात. नातलगांकडून ऐकलेली ही गोष्ट आपण येथेही लागू आहे असे समजतो आणि घोटाळा होतो.

आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यानुसार अध्ययनाचे ३० तास म्हणजे १ श्रेयांक व वर्षाचे ४० श्रेयांक. शालेय शिक्षणही या मोजमापात आणले आहे. परंतु प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र स्तर आहे : दहावी तिसरा, बारावी चौथा, तर पदवीचे पहिले वर्ष साडेचौथा. त्यामुळे शाळेत मिळालेले श्रेयांक तीन वर्षांच्या पदवीसाठी लागणाऱ्या १२० श्रेयांकांतून वजा होत नाहीत. अकरावी-बारावीला आपण ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणतो, तरी ते शिक्षण मंडळाचे आहे, विद्यापीठाचे नव्हे.

मग बारावीआधी पुढच्या शिक्षणाची वाट नाहीच का? आहे, आणि ती जुनीच आहे. दहावीनंतर नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत तीन वर्षांची पदविका घेणाऱ्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यासही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. आता हिशेब पाहू. बारावी करून पदवी : दोन अधिक चार, सहा वर्षे. पदविकेतून पदवी : तीन अधिक तीन, तीही सहाच. वेळ वाचत नाही. मात्र पैशाअभावी मध्येच थांबावे लागले, तरी तीन वर्षांनी हातात रोजगार देणारी पदविका असते.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस अभ्यासक्रमाच्या पात्रता प्रक्रियेत अकरावीची परीक्षा दिलेल्यांनाही भाग घेता येतो. पण प्रत्यक्ष अभ्यासक्रम बारावी उत्तीर्ण झाल्यावरच सुरू होतो. म्हणजे जागेची पात्रता आधी मिळते, श्रेयांक नंतर.

आमच्या मते, श्रेयांकांचे खरे मोल वर्ष वाचण्यात नसून शिकलेले वाया न जाण्यात आहे. २०२१ पासून महाविद्यालयीन श्रेयांक साठवणारी ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ अस्तित्वात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक व ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. वडिलांचे आजारपण, दुष्काळ वा लग्न यांमुळे कॉलेज सुटलेल्या मुलीला पूर्वी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आता तिला परतीचे दार उघडे आहे.

पालकांना आमच्या दोन सूचना. पहिली, आधार, शाळेचा दाखला व गुणपत्रिका यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः सारखी ठेवा. आपल्या समाजात बाप्तिस्म्याचे नाव एक व शाळेतले दुसरे, असे अनेकदा असते. ही तफावत मूल शाळेत असतानाच दूर करा. दुसरी, ‘बारावीसोबतच पदवीचे वर्ष पूर्ण करून देतो’ असे सांगणाऱ्यास पैसे देऊ नका. आधी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जवळच्या महाविद्यालयात जाऊन चौकशी करा. चौकशीला पैसे लागत नाहीत. फसवणुकीत मात्र पैशाबरोबर मुलाचे वर्षही जाते.