निरीक्षणगृहांतील मुलींची मानसिक आरोग्यसेवा व तिचे अर्थसाहाय्य

कायद्याचे उल्लंघन केल्याच्या आरोपावरून निरीक्षणगृहात किंवा निर्णयानंतर विशेषगृहात ठेवलेल्या १८ वर्षांखालील मुलींसाठी असलेली मानसिक तपासणी, समुपदेशन, उपचार व पाठपुरावा यांची व्यवस्था. अशा मुलींची संख्या मुलग्यांच्या मानाने फार अल्प असते. या सेवेच्या खर्चाविषयीच्या बहुतेक अडचणींचे मूळ या अल्पसंख्येत आहे.

महाराष्ट्रात बालन्यायाचा पाया मुंबई बालक अधिनियमाने (१९२४) घातला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून परिवीक्षा व अनुरक्षण संघटनांनी शासकीय अनुदानावर निरीक्षणगृहे चालविली. भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्रही मुंबईतच १९३७ मध्ये सुरू झाले. तथापि संस्थांतील मुलींचा विचार प्रामुख्याने संरक्षणाच्या दृष्टीने होई. निवारा, शिवणकाम व गृहकृत्यांचे शिक्षण यांवर भर असे. मनोव्यथेच्या उपचारास गौण स्थान मिळे.

या मुलींपैकी अनेकींच्या पूर्वायुष्यात लैंगिक अत्याचार, घरातील मारहाण, बालविवाह किंवा शाळा सुटणे यांसारख्या घटना आढळतात. निद्रानाश, विषण्णता, स्वतःस इजा करून घेणे, अकस्मात येणारा संताप ही त्यांची लक्षणे होत. तज्ज्ञाच्या अभावी ती बेशिस्त समजली जातात व उपचाराऐवजी शिक्षा होते.

बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार संस्थेतील पुनर्वसन-सेवांत समुपदेशनासह मानसिक आरोग्यसेवेचा अंतर्भाव होतो. १६ ते १८ वयोगटातील बालकावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापनासाठी मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. हे मूल्यमापन न्यायनिर्णयासाठी असते. त्यास उपचार मानता येत नाही.

संस्थांचा खर्च एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून (२००९) व आता मिशन वात्सल्यमधून भागविला जातो. महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांचा वाटा ६० : ४० असतो. समुपदेशकाचे वेतन महिला व बाल विकास विभागाच्या कक्षेत येते. मनोविकारतज्ज्ञ, औषधे व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांची जबाबदारी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते. पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयेही याच विभागाची आहेत. दोन्ही विभागांत समन्वय नसल्यास मुलीची व्यथा नोंदली जाते, पण उपचार लांबतो.

मुख्य पेच अनुदानाच्या मोजमापात आहे. कर्मचारिवर्ग व परिपोषण खर्च हे संस्थेची मान्य क्षमता व प्रवेशितांची संख्या यांवर बेतलेले असतात. भोजन-वस्त्रांना हे माप योग्य आहे, कारण तो खर्च संख्येप्रमाणे कमीअधिक होतो. तज्ज्ञाची गरज मात्र तशी घटत नाही : पाच मुली असोत वा पन्नास, संकटसमयी तो उपलब्ध असावाच लागतो. मुली थोड्या म्हणून अनेक जिल्ह्यांना मिळून एकच निरीक्षणगृह ठेवण्यास कायद्याने मुभा आहे. त्यामुळे खर्च वाचतो; मुलगी मात्र घरापासून दूर जाते.

दुसरी अडचण कालावधीची. जामिनावर सुटका झाली की संस्थेतील समुपदेशन खंडित होते. बारामती तालुक्यातील लोणी भापकरसारख्या गावी परतलेल्या शेतमजूर कुटुंबातील मुलीस उपचार चालू ठेवावयाचे, तर प्रत्येक भेटीस प्रवासभाडे व पालकाची एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. संस्थेतील निवासावर आधारलेल्या अनुदानात या खर्चास जागा नसते.

यावर तीन उपाय संभवतात : मानसिक आरोग्यसेवेसाठी प्रवेशितांच्या संख्येवर अवलंबून नसलेले किमान निश्चित अनुदान, नजीकच्या शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञाच्या नियमित भेटीची दोन्ही विभागांवर बंधनकारक व्यवस्था, आणि सुटकेनंतरच्या उपचारासाठी प्रवासखर्चाची तरतूद. अधिनियमाच्या कलम १०५ नुसार राज्यास बालकांच्या कल्याण व पुनर्वसनासाठी निधी स्थापन करता येतो. तिसऱ्या उपायासाठी तो उपयोगी पडू शकेल. संख्या अल्प असल्याने एकूण भार मर्यादितच राहील. जी अल्पसंख्या आज उपेक्षेचे कारण ठरते, तीच ही सेवा राज्यास परवडण्याजोगी करते.