तपासनिसाचे टेबल वेगळे का?

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

गेल्या मार्चअखेरीस आमच्या आमोण्यातील एका ओळखीच्या दुकानात हिशेबाची आज्ञावली ऐन वेळी बंद पडली. "आकडे सगळे आत आहेत, पण बाहेर काढायचे कसे?" असे म्हणत दुकानदार काका डोक्याला हात लावून बसले. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी प्रथम काही दुरुस्त केलेच नाही. संगणकाच्या स्मृतीत त्या क्षणी जे होते, त्याची जशीच्या तशी नक्कल त्यांनी काढून घेतली. "आधी पंचनामा, मग दुरुस्ती," ते म्हणाले. त्यांचे साधन कोणते, हे जाणून घेण्याच्या उत्सुकतेतून हा लेख लिहीत आहे.

ती आज्ञावली मायक्रोसॉफ्टच्या 'डॉट नेट'वर चालणारी होती. २००२ साली बाजारात आलेल्या या व्यवस्थेचा गाभा म्हणजे तिचा 'रनटाइम'. तो आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो, तिला स्मृतीत जागा देतो आणि वापरून झालेली जागा मोकळी करतो. साहजिकच स्मृतीची नक्कल वाचायची, तर रनटाइमची मांडणी ठाऊक हवी. एखाद्या जुन्या मुनिमाची वही त्याच्या खुणा समजल्याशिवाय लागत नाही, तसेच हे. ते काम 'एसओएस' हे साधन करते. नाव संकटाच्या हाकेसारखे वाटले, तरी ते 'सन ऑफ स्ट्राइक'चे लघुरूप आहे. आज्ञावली कोणत्या पायरीवर अडली, स्मृतीत कोणत्या वस्तू किती साचल्या आणि त्यांना कोणी धरून ठेवले, हे ते सांगते.

२०१५ साली डॉट नेटच्या नव्या, खुल्या आवृत्तीच्या रनटाइमचा कोड सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा एसओएस त्याच भांडारात होते. यात एक सोय होती. रनटाइमची मांडणी बदलणारा माणूस त्याच हाताने साधनही बदलू शके. पण अडचणही होती. साधनात चूक सापडली, तर तिची दुरुस्ती रनटाइमच्या पुढच्या आवृत्तीबरोबरच बाहेर पडायची. शिवाय प्रत्येक आवृत्तीला तिचे स्वतःचे साधन लागे. म्हणून एसओएस 'डायग्नॉस्टिक्स' नावाच्या स्वतंत्र भांडारात हलवले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या 'डॉट नेट कोअर ३.०'पासून ते वेगळे बसवून घ्यावे लागते, आणि एकच एसओएस अनेक आवृत्त्यांना चालते.

आपणां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा वेगळे असावेत, हा तर आपला पहिला धडा! मात्र सगळेच बाहेर गेले नाही. रनटाइमची अंतर्गत मांडणी उलगडून सांगणारा 'डॅक' नावाचा भाग रनटाइमच्याच भांडारात राहिला, कारण तो आतल्या रचनेशी घट्ट बांधलेला आहे. ऑडिटर बाहेरचा असतो, पण व्हाउचरे पेढीनेच जपायची असतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहणे आणि ती बंद करता न येणे सक्तीचे झाले, त्यामागचे सूत्रही हेच. माग आत राहावा, वाचणारा बाहेरचा असावा.

परंतु दोन घरे झाली की बोलणे तुटण्याचे भय असते. रनटाइमने मांडणी बदलली आणि साधनाला कळवले नाही, तर साधन चुकीचे उत्तरही ठामपणे देईल. चुकीचा ऑडिट हा ऑडिट न होण्यापेक्षा वाईट. म्हणून वेगळे होताना डॅकसारखा दुवा आणि दोन्ही बाजूंची वारंवार चाचणी, ही किंमत मोजावीच लागते.

काकांच्या दुकानातला दोष अखेर सापडला. एका बिलात तारखेची जागा रिकामी राहिली होती! ती भरताच हिशेब जुळला. पंचनाम्याआधीच कोणी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते, तर तो रिकामा रकाना पुढच्या मार्चपर्यंत तसाच दडून बसला असता.